हलक्या हाताची

सरिताला संशय यायला फारसं कारण लागत नसे. लिफ्टमध्ये शेजारीण नेहमीपेक्षा गोड हसली, मच्छीवाल्याने वजन दाखवायच्या आधीच मासा पिशवीत टाकला, नवऱ्याने न विचारताच 'आज उशीर झाला बरं का' म्हटलं, की हिच्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच. नवरा शिवदास थट्टेने तिला इन्स्पेक्टरबाई म्हणायचा. ती वरवर चिडायची, पण आतून खूश व्हायची. सिंगापूरसारख्या परक्या देशात डोळे उघडे ठेवलेले बरे, असं तिचं म्हणणं. आणि गंमत बघा, एवढी डोळस बाई, पण जिकडे बघायला हवं होतं तिकडेच तिने पाठ करून ठेवली होती. तिकडे सगळी आपली माणसं होती ना!

सुरुवात झाली ती सुयांपासून. शिवदासला मधुमेह होता आणि रोज जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागे. सेम्बावांगच्या शिपयार्डात जहाजाच्या पोटात उतरून गळती शोधणारा हा इंजिनियर, पण स्वतःला सुई टोचायची म्हटलं की त्याचे हात लटपटायचे. सरिताला ते बघवतही नसे. मग लेकीने, जान्हवीने, शाळेत असतानाच ते काम अंगावर घेतलं. आता ती पॉलिटेक्निकला होती तरी बापाचं इंजेक्शन तिच्याकडेच होतं. शर्ट वर करून शिवदास टीव्हीतल्या बातम्या बघत बसायचा आणि "टोच की गं लवकर" असं तो म्हणेपर्यंत जान्हवी सिरिंज ठेवून हात धुवायला गेलेली असायची.

सरिताने लेकीच्या या गुणाचं गावभर कौतुक केलं होतं. सिंगापूरमधल्या मराठी मंडळींत कुणाचे आईवडील महिना-दोन महिन्यांसाठी आले, की कुणाला इन्सुलिन, कुणाला बी-ट्वेल्व्ह असायचंच. त्यासाठी दवाखान्याच्या रांगेत कोण बसणार? सरिता लगेच म्हणायची, "आमच्या जान्हवीला सांगा. इतका हलका हात आहे तिचा, कळतसुद्धा नाही." मग जान्हवीला बोलावणं जायचं. बुकित तिमाहला मोठ्या कॉन्डोत, म्हणजे श्रीमंती सोसायटीत, राहणाऱ्या प्रबोधच्या आईलाही तिनेच इंजेक्शनं दिली होती. प्रबोध म्हणजे आयटीतला मॅनेजर, पुण्याचा, बोलायला लाघवी. त्याची आई जाताना जान्हवीच्या गालावरून हात फिरवून म्हणाली होती, "पोरीच्या हाताला देवाने गुण दिलाय." सरिता ते वाक्य कितीतरी दिवस लोकांना ऐकवत होती.

तर त्या सुया. कपाटातली सिरिंजची पिशवी लवकर संपायला लागली. २०१५ चा सप्टेंबर होता. सुमात्रातल्या जळत्या रानांचा धूर समुद्र ओलांडून आला होता, समोरची इमारत दिसत नव्हती आणि बंद खिडक्यांच्या घरात सरिताला दिवसभर दुसरा उद्योग नव्हता. परवाच तर नवी पिशवी फोडली होती, मग ही अशी चपटी कशी दिसते? कुठेतरी पाणी मुरत होतं.

पहिला नंबर अर्थातच नवऱ्याचा लागला. हा बाहेर गोडधोड खातो आणि कुणाला कळू नये म्हणून चोरून जादा इन्सुलिन घेतो, अशी तिची खात्रीच पटली. रविवारी शिवदास भाजी आणायला लिटिल इंडियाला निघाला, तशी ही मेट्रोच्या मागच्या डब्यात चढली. तोंडावर धुरासाठीचा मास्क होता, त्यामुळे सोयच झाली. सेरंगून रोडवर मिठाईच्या दुकानात शिवदास उभा राहिला, त्याने एक जिलबी तोंडात टाकली आणि डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा समोर बायको.

"किती दिवस चाललंय हे?" तिने विचारलं.

"एकच खातो गं. रविवारची एक."

"आणि सुया? त्या कोण संपवतंय?"

"वेडी आहेस का तू? मला टोचता येतं का? जान्हवी घरी नसली तर मी जेवायचा थांबतो," शिवदास म्हणाला, आणि इतक्या केविलवाण्या चेहऱ्याने म्हणाला, की त्याच्यावरचा संशय तिला तिथेच दुकानात सोडून द्यावा लागला.

मग उरला मुकुल. शिवदासने घरातली एक खोली भाड्याने दिली होती. मराठी मंडळींच्या ग्रुपवर 'मराठी बोलणारा, सुशिक्षित, निर्व्यसनी' असं लिहून टाकल्यावर प्रबोधच्याच शिफारशीने हा आला होता. पुण्याचा मुलगा, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर आलेला, प्रबोधच्या हाताखाली काम करणारा. आपला माणूस, तेही आपल्याच माणसाने पाठवलेला, म्हणून सरिताने पासपोर्टची प्रतसुद्धा मागितली नव्हती. तो रात्री यांच्याबरोबरच जेवायचा. जान्हवी बापाला इंजेक्शन द्यायची तेव्हा सुरुवातीला मान फिरवायचा. पुढे पुढे मात्र टक लावून बघायला लागला होता. दर शनिवारी दुपारी तो आणि जान्हवी प्रबोधच्या कॉन्डोवर जायचे. तिथे मराठी गाण्यांचा कराओके असतो, असं सांगितलेलं. हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत कुणा टॅटूवाल्या पोरांबरोबर बसण्यापेक्षा हे किती बरं, असं सरिता स्वतः लोकांना सांगत असे.

आता ती त्याच्याकडे नव्या नजरेने बघायला लागली, आणि बघावं तिकडे तिला खोटच दिसायला लागली. हा घरातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट का घालतो? बाथरूममध्ये इतका वेळ काय करतो? वरणभात तर ताटात चिवडून ठेवतो. विचारलं तर म्हणे, "काकू, हेझमुळे भूकच लागत नाही." धुराने भूक जाते का कुणाची? सोमवारी तो ऑफिसला गेल्यावर तिने त्याची खोली झाडायला घेतली. झाडायला म्हणजे काय, ते तुम्हाला कळलंच असेल. गादी उलटी केली, बॅगेचे कप्पे चाचपले. शेवटी कोपऱ्यातल्या बुटात हात घातला, तर बोटांना सुईवरचं छोटं केशरी टोपण लागलं. 

या देशात त्याचा अर्थ काय होतो हे तिला कुणी सांगायला नको होतं. विमान उतरायच्या आधी हातात पडणाऱ्या कार्डावरच तांबड्या अक्षरांत लिहिलेलं असतं, अमली पदार्थांची तस्करी केल्यास मृत्युदंड. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कार्ट्याला घरात ठेवून घेतलं, सणासुदीला गोड खाऊ घातलं, आणि यानेच घरात ही घाण आणली! जान्हवीला रोज याच्या शेजारी बसवत होतो आपण! आजच्या आज याला सामानासकट बाहेर काढायचं तिने ठरवलं. पण त्याआधी त्याच्या आईला चार शब्द सुनवावेत, म्हणून तिने पुण्याला फोन लावला.

सुनेत्राबाई फोनवर इतक्या आनंदाने बोलायला लागल्या, की सरिताला विषय काढता येईना. शेवटी तिने आडून विचारलं, "मुकुलला काही इंजेक्शनं वगैरे चालू आहेत का हो? डॉक्टरांनी दिलेली?"

सुनेत्राबाई खळखळून हसल्या. "मुकुलला? अहो, सुई बघितली की चक्कर येते त्याला. पाससाठी रक्त तपासायचं होतं तेव्हा दोघांनी धरला होता. लहानपणी तर मी डोळ्यांवर हात ठेवल्याशिवाय कंपाउंडरला हात लावू द्यायचा नाही. आमचा घोडा जन्मात स्वतःला सुई टोचणार नाही, तुम्ही निर्धास्त राहा."

सरिताने फोन ठेवला.  संशयी माणसाचं एक वाईट असतं, त्याचं डोकं थांबत नाही. याला स्वतःला टोचता येत नाही, मग टोचतं कोण? ज्याच्या हातून दुखणार नाही अशी खात्री आहे, असंच कुणीतरी. ज्याला रोज जेवणाआधी टोचताना बघून बघून याची भीती गेली, असं कुणीतरी. तिने मनातल्या मनात सगळ्या सिंगापूरची माणसं त्या जागी उभी करून पाहिली. एकही बसेना. मग जी बसत होती तिच्याकडे बघायचा धीर होईना.

जान्हवी दुपारी आली. सरिताने टोपण तिच्यासमोर टेबलावर ठेवलं आणि एवढंच विचारलं, "मुकुलला कोण टोचतं?"

पोरगी खोटं बोलेल, चिडेल, रडेल, या सगळ्याची तयारी आईने केली होती. जान्हवीने टोपणाकडे पाहिलं, बॅग खाली ठेवली आणि म्हणाली, "मी."

"तू?"

"पहिल्यांदा मीच दिलं. आई, लिसन फर्स्ट, कॅन? प्रबोधदादा आधीपासून घेतो. हेरॉइन. बाकीचे नुसतं ओढायचे. मग प्रबोधदादा म्हणायला लागला की ओढून वाया जातं, सुईने घ्या. मुकुल घाबरत होता, पण सगळे घेणार आणि हाच एकटा मागे राहणार, ते त्याला नको होतं. प्रबोधदादा त्याला स्वतःच्याच वापरलेल्या सुईने देणार होता. मी तिथेच बसले होते. मी कसं बघत बसू? मी म्हटलं, निदान स्वच्छ सुईने तरी घे. पर्समध्ये बाबांची एक होती."

"आणि तू दिलंस."

"त्याला कळलंसुद्धा नाही. सगळे म्हणाले, वा! मग रोहनने सांगितलं, मलाही तूच दे. मग प्रणिताने." तिने टोपण आईकडे सरकवलं. "मी स्वतः कधी घेतलं नाही, आई. पाचवं शील मी मोडलेलं नाही."

सरिताने नकळत समोरच्या भिंतीकडे पाहिलं. बुद्धमूर्तीपुढे रोज सकाळी तिघं मिळून पंचशील म्हणायची आणि मादक वस्तूंपासून दूर राहण्याचं वचन घ्यायची. पोरीने ते वचन अक्षरशः पाळलं होतं. ज्यांना दिलं त्यांच्याबद्दल त्यात काही म्हटलेलं नाही, असं या शिकलेल्या मुलीला खरंच वाटलं होतं! सरिताला तिच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या, आणि त्याच क्षणी तिला पोटाशी घ्यावंसंही वाटलं. तिने दोन्हीतलं काहीच केलं नाही. "रोहन, प्रणिता," ती पुटपुटली. दोघांच्याही आयांना ती चांगली ओळखत होती. 'जान्हवी आहे ना बरोबर, मग काळजी नाही,' असं त्या म्हणायच्या.

"परवाच्या शनिवारी मी घरातून निघाले, पण तिकडे गेले नाही," जान्हवी म्हणाली. "मला भीती वाटायला लागली होती. मुकुल आता आठवड्यात मधेच मागायला लागला होता. मग मी नव्हते म्हणून प्रबोधदादानेच त्याला दिलं. त्याच्या सुईने."

ती पुढे बोलणार तेवढ्यात दार वाजलं. मुकुल ऑफिसातून अर्ध्यावरच आला होता. धड उभंही राहता येत नव्हतं. त्याने बाही वर केली तेव्हा सरिताने तोंडावर हात घेतला. कोपरापासून खाली हात सुजून लाल झाला होता आणि अंग तव्यासारखं तापलं होतं.

शिवदासला बोलावून घेतलं. त्याला सगळं सांगून होईपर्यंत तो खाली बसला होता. मग म्हणाला, "हॉस्पिटलला न्यायला हवं. आत्ता."

"आणि तिथे विचारलं, कुणी टोचलं, तर?" सरिता कुजबुजली. "इथल्या डॉक्टरांना सरकारला कळवावंच लागतं ना?"

"लागतं. आणि दुसऱ्याला टोचणं म्हणजे पुरवणंच धरतात इथे."

"मग त्याला विमानात बसवू या. तिकडे त्याची आई बघेल."

"सरिता, तो वाटेत मरेल."

हे तिलाही दिसत होतं. तरी तिच्या मनाने एकदा विचार करून पाहिलाच: मेला तर बोलणार नाही. आपल्या डोक्यात असा विचार येऊ शकतो हे पाहून तिला स्वतःची शिसारी आली. ती मुकुलच्या खोलीत गेली आणि त्याला उठवून बसवलं. पण उठवताना त्याचा दंड घट्ट धरून तिने म्हटलं, "हॉस्पिटलला नेते तुला. पण तिथे जान्हवीचं नाव घ्यायचं नाही. तुझ्या आईची शपथ घे."

मुकुलने ग्लानीतच शपथ घेतली. "काकू, तिचं नाव मी तसंही घेतलं नसतं," तो म्हणाला. सरिताचा त्याच्यावर विश्वास बसला नाही. टॅक्सीत सबंध रस्ताभर ती त्याच्या ओठांकडे बघत होती, तापात काही बरळतो की काय म्हणून.

हॉस्पिटलात त्याला ताबडतोब आत घेतलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलणं शांत. त्यांनी मुकुलचा हात तपासला आणि सरळ विचारलं, "हे तू स्वतः टोचलंस?"

"हो," मुकुल म्हणाला.

"प्रत्येक वेळी?"

"हो."

डॉक्टरीणबाईंनी सरिताकडे पाहिलं. "तुम्ही याला ओळखता. हा एकटाच घेतो की बरोबर आणखी कुणी आहे? आमच्या दृष्टीने ते महत्त्वाचं आहे. सुई एकमेकांची वापरली असेल तर बाकीच्यांनाही तपासायला हवं."

"एकटाच," सरिता म्हणाली. "स्वतःच टोचतो."

आयुष्यभर दुसऱ्यांची खोटी बोलणी पकडणाऱ्या या बाईला एवढं सफाईदार खोटं बोलता येतं, हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाई मान हलवून पडद्याआड गेल्या. सरिता बाहेरच्या खुर्चीवर येऊन बसली. सुटलो, असं तिला वाटलं. मुकुलच्या आईचं तोंड डोळ्यांपुढे येत होतं, ते तिने बाजूला सारलं. पोर वाचली होती.

इतक्यात कॉरिडॉरमधून शिवदास आणि जान्हवी येताना दिसले.

"हिला कशाला आणलंत?" सरिता नवऱ्यावर वसकली.

"मी आणलं नाही. ती निघाली, म्हणून मी आलो," शिवदास म्हणाला.

जान्हवी तशीच दाराकडे वळली. सरिताने उठून तिचं मनगट पकडलं. "कुठे निघालीस? मिटलंय सगळं. मुकुलने स्वतःचंच सांगितलं. मीही सांगितलं. आता एक अक्षर बोलू नकोस."

"आई, रोहन आणि प्रणिताचं काय?"

"त्यांच्या आया बघतील!"

"त्यांना माहीतच नाही, तर काय बघतील? तुला माहीत होतं?" जान्हवीचा आवाज चढला नाही, उलट खालीच आला. "शनिवारी ते परत जाणार. मी नसेन तर प्रबोधदादा देईल, मुकुलला दिलं तसं, त्याच सुईने. अजून त्यांना स्वतःचं स्वतः टोचता येत नाही, आई. दुसऱ्याचा हात लागतो. आत्ता कुणी थांबवलं तर थांबतील. एकदा का त्यांचं त्यांना जमायला लागलं, की मग माझीही गरज नाही आणि प्रबोधदादाचीही नाही."

सरिताने लेकीचा चेहरा न्याहाळला. हिला कुणी शिकवलंय का? ही घाबरून बोलतेय का? अपराधी वाटतंय म्हणून जास्तच सांगतेय का? सवयीने तिने सगळीकडून चाचपून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला संशय घ्यायला कुठे जागा सापडेना, आणि नेमका आज तिला एक तरी संशय हवा होता.

"तुरुंगात जाशील," ती म्हणाली. तिला रडू फुटलं होतं. "कळतंय का तुला? इथे दयामाया नसते."

"कळतंय."

 शिवदास भिंतीला टेकून उभा होता आणि चष्मा पुसत होता. पडदा सरला. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि मुकुलचा ताप, औषधं, असं काहीसं सांगायला लागल्या. सरिताने त्यातलं एकही वाक्य ऐकलं नाही. तिच्या हातात अजून जान्हवीचं मनगट होतं आणि ते सुटायला बघत होतं. पोरगी तिच्याआधी बोलणार होती. तिने एकटीने बोलू नये, एवढं मात्र सरिताला अगदी स्वच्छ कळलं. या हाताची टिमकी तिनेच घरोघर वाजवली होती.

"डॉक्टर," ती मधेच म्हणाली, "मघाशी मी खोटं बोलले. तो एकटा नाही. अजून दोन मुलं आहेत, आणि ज्याच्याकडे जातात तो मोठा माणूस आहे. नावं सांगते. आणि मुकुलने स्वतःला टोचलेलं नाही."

"मग कुणी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी," जान्हवी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी त्या मुलीकडे पाहिलं, मग तिचं मनगट धरून उभ्या असलेल्या बाईकडे. "आणि तुम्ही कोण?"

"मी हिची आई," सरिता म्हणाली.